मार्क घसरायच्या आधी हजेरी बघा

प्रश्न : पोरगा नववीत आहे, आम्ही सोलापूरला पूर्व भागात राहतो, यंत्रमागावर माझी पाळी असते. सहामाहीत मार्क एकदम घसरले अन् सर म्हणाले दांड्यापण लई झाल्यात. हे आधीच कसं कळणार ओ?

उत्तर : दादा, बऱ्याचदा मार्कांच्या आधी हजेरी घसरते, म्हणून निकालाची वाट बघू नका. एक साधी वही करा, दर महिन्याला वर्गशिक्षकांना भेटून शाळा किती दिवस भरली अन् पोरगा किती दिवस आला एवढं लिहून घ्या, शेजारी चाचणीचे मार्क विषयवार, म्हणजे गणित नेमकं कधीपासून सुटलं ते दिसतं. २४ पैकी १८ दिवस म्हणजे ७५ टक्के, अन् पुढं दहावीच्या बोर्डाला तेवढी हजेरी लागतेच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत दोन-चार दिवस बुडले तर घाबरू नका, पण दर सोमवारी गैरहजर दिसला, किंवा ठराविक तासालाच पळतोय असं कळलं, तर काहीतरी खुपतंय त्याला, जवळ बसवून विचारा, हात उगारू नका. सातवी-आठवीची प्रगतीपुस्तकंपण काढा, घसरण कुठनं सुरू झाली ते माझ्या मते तिथंच सापडेल.