काय सांगायचं, काय राखून ठेवायचं: शोधाधारित शिक्षणाविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न: मी सातवीला विज्ञान शिकवते. शाळेत यंदा शोधाधारित शिक्षण, म्हणजे मुलांनी स्वतः शोधून शिकायची पद्धत, सुरू झालंय. मुलांना साहित्य देऊन मोकळं सोडलं, तर तासभर नुसता गोंधळ. काय चुकलं?

मोकळं सोडलं, तेच नडलं. या पद्धतीला पायऱ्या आहेत. बांची आणि बेल या अभ्यासकांनी 2008 मध्ये त्या चार मांडल्या. पहिल्या पायरीवर प्रश्न, कृती आणि उत्तर तिन्ही आधीच माहीत असतात. दुसरीवर उत्तर झाकलेलं असतं. तिसरीवर शिक्षक फक्त प्रश्न देतात, कृती मुलं ठरवतात. चौथीवर प्रश्नही मुलांचाच. तुम्ही वर्गाला थेट चौथीवर नेलंत. पहिली सहामाही दुसरीवरच घालवा, त्यात काहीही कमीपणा नाही. तिसरीवर जाताना 'काय बदलणार, काय मोजणार, काय तसंच ठेवणार' हे गटाने कागदावर लिहून दाखवल्याशिवाय साहित्याला हात लावू देऊ नका.

प्रश्न: मुलगा सहावीत आहे. 'बाई उत्तरच सांगत नाहीत' म्हणून तो वैतागतो. सरळ शिकवलेलं जास्त पक्कं होतं, असं संशोधनही आहे ना?

आहे. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये ठामपणे लिहिलं की नवशिक्याला फारसं मार्गदर्शन न देता शोधायला लावलं, तर त्याच्या कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून विचार करायच्या क्षमतेवर, नको तितका ताण येतो. पुढच्याच वर्षी इतर अभ्यासकांनी उत्तर दिलं: चांगल्या शोधाधारित वर्गात मार्गदर्शन भरपूर असतं. मला दोन्ही म्हणणी पटतात. संज्ञा, उपकरण हाताळायची रीत, सुरक्षिततेचे नियम सरळ सांगावेत. 'एका वेळी एकच गोष्ट बदला' हेही सांगूनच शिकवावं. चेन आणि क्लार यांच्या 1999 च्या अभ्यासात 7 ते 10 वर्षांची मुलं हे उदाहरणांसह स्पष्ट शिकवल्यावर नव्या प्रयोगांतही वापरू लागली. राखून ठेवायचा तो निष्कर्ष. बाई नेमकं काय राखून ठेवतात, ते मुलाला विचारून पाहा.

प्रश्न: आठवीच्या गटाने लंबकाच्या प्रयोगातून 'जड लंबक सावकाश झुलतो' असा निष्कर्ष काढला. लगेच दुरुस्त करू का?

थांबा. आधी त्यांनी वजन वाढवलं कसं, ते बघा. मुलं पुष्कळदा दोऱ्याला एक वॉशर बांधतात, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. वजन वाढतं, पण गुरुत्वमध्यही खाली सरकतो, म्हणजे लंबकाची लांबी वाढते. तो खरंच सावकाश झुलतो! मोजमाप बरोबर आहे, मांडणी चुकली आहे. हे फळ्यावर सांगून टाकलंत तर वहीत उतरेल आणि तिथेच राहील. त्याऐवजी हातात पट्टी द्या आणि विचारा, "वजन सोडून आणखी काय बदललं?" टांगलेल्या जागेपासून मोजायला लागले की त्यांचं त्यांनाच दिसतं, आणि सगळे वॉशर एकाच हुकात अडकवायचं कुणाला तरी सुचतं. आता वजन वाढवलं तरी 10 झोक्यांचा (जाऊन परत आला की एक झोका) वेळ जवळपास तोच राहतो.

मग लांबी बदलू द्या. 25 सेंटिमीटरला 10 झोक्यांना साधारण 10 सेकंद, 1 मीटरला साधारण 20. लांबी चौपट, वेळ मात्र दुप्पट. 'असं का?' ही कुजबुज इथे सुरू होते, आणि तिच्यासाठी दोन तासिका गेल्या तरी मला त्या वाया गेल्यासारख्या वाटत नाहीत. झोका लहान ठेवा, मोठ्या झोक्याला वेळ थोडा जास्त लागतो. आणि एकच झोका मोजू देऊ नका, 10 मोजून भागाकार करायला लावा, म्हणजे स्टॉपवॉच दाबताना होणारी चूक विभागली जाते.

प्रश्न: मी प्रश्न विचारतो, वर्ग गप्प. शेवटी मीच उत्तर देतो.

किती वेळ थांबता? शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना 1970 च्या दशकात आढळलं की शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात. 3 सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली. मुलाचं उत्तर आल्यावरही तेवढंच थांबा. लगेच 'शाब्बास' म्हटलं की बाकीचे विचार करायचं सोडून देतात.

प्रश्न: गुण कशाला द्यायचे?

नोंदवहीला. आधीचा अंदाज खोडलेला असेल, शेजारी नवा असेल आणि तो का बदलला हे लिहिलेलं असेल, तर पूर्ण गुण द्या. अंदाज चुकला म्हणून एकही गुण कापू नका. नाहीतर पुढच्या वेळी मुलं प्रयोग संपल्यावर अंदाज लिहितील.