'फंड' परका, 'निधी' आपला?

एका स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या ताईंनी विचारलंय: "'सोशल इनोव्हेशन फंड'ला वार्षिक अहवालात 'सामाजिक नाविन्यता निधी' लिहिलं तर चालेल ना?"

नाही चालणार. नवीन असण्याचा भाव म्हणजे नावीन्य. भाव त्यात आलाच. वर पुन्हा 'ता' लावणं म्हणजे टोपीवर टोपी. सौंदर्यता, ऐक्यता ही याच पंगतीतली मंडळी. मंत्रालयातल्या एका विभागाच्या पाटीवर हा शब्द मिरवतो, तोही 'वि' ऱ्हस्व करून, म्हणून काही तो शुद्ध होत नाही. 'नवोपक्रम' लिहा.

पण तुम्ही हाकलायला निघालात तो 'फंड'! लॅटिनमध्ये 'फुंडुस' म्हणजे तळ, बूड. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि तिथून आपल्याकडे. त्याचं संस्कृतातलं भावंड 'बुध्न', अर्थ तोच. पंचांग चाळणाऱ्यांना उत्तराभाद्रपदेची देवता आठवेल: अहिर्बुध्न्य, तळाशी राहणारा सर्प. आणि याच बुध्नाचा आपला बुंधा. म्हणजे फंड आणि बुंधा चुलतभाऊ निघाले! बुंधा 'बंध'पासून आला असं ठासून सांगणारे एक जाणकार आहेत. त्यांनी आधी 'बं'चा 'बुं' कोणत्या नियमानं झाला ते सांगावं, मग बोलू.

आता तुमचा 'निधी' बघा. नि अधिक धा, खाली ठेवलेलं. स्मृतिग्रंथांत निधी म्हणजे जमिनीत पुरलेलं धन. सापडलं की राजा त्यात वाटा सांगणार. म्हणूनच 'अखर्चित निधी' हा प्रयोग मला फार चपखल वाटतो. वर्षभर पुरून ठेवायचं आणि 31 मार्च तोंडावर आला की उकरायची धांदल. व्युत्पत्तीत एवढं ओढू नये म्हणतात. मी ओढणार.

फंड मात्र बुंध्यासारखाच वागला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा मागत 'पैसा फंड' उभा केला. त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला आणि तिथं शिकलेल्या लोकांनी ही विद्या देशात ठिकठिकाणी नेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिचा 'मुष्टिफंड' तर प्रसिद्धच आहे. दळायला बसण्याआधी बाईनं जोंधळ्याची एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. ती वसतिगृहातल्या पोरांच्या भाकरीसाठी. सरकारी अनुदान मागाहून आलं ('अनु' म्हणजे मागाहूनच की!). ते बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मध्यंतरी बंदही केलं होतं. गाडगेबाबांनी रदबदली केली तेव्हा पुन्हा सुरू झालं. मडक्यात मूठ टाकायला मात्र कुणाची सही लागत नव्हती.

असा शब्द परका? गिरणीतला माणूस "फंड काढून लेकीचं लग्न केलं" म्हणायचा. त्याला 'भविष्य निर्वाह निधी' म्हणायला लावून बघा.

'नवोपक्रम फंड' लिहा, बिनधास्त. संस्कृताला इंग्रजी जोडलं म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुष्टिफंड दाखवा.

हो, 'सोशल'चं राहिलंच. 'सामाजिक' ठीक आहे.