तिसरीतला मुलगा हुशार आहे पण वाचता येत नाही. डिस्लेक्सिया थेरपिस्ट नक्की काय शिकवतात, ट्यूशनपेक्षा त्यात वेगळं काय?

तुम्ही लिहिलंय की मुलगा मराठी माध्यमात आहे, बोलायला तल्लख, धडा एकदा ऐकला की पाठ, पण पुस्तक समोर धरलं की अडतो आणि आता वर्गशिक्षिकेने थेरपिस्टकडे न्यायला सांगितलंय. मी पुण्यात हेच काम करते म्हणून सविस्तर सांगते.

आधी घरीच एक करून बघा. बालभारतीतला त्याचा पाठ असलेला धडा उघडा, चित्र हाताने झाका आणि ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा हे काय आहे. धडाधडा वाचणारी बरीच मुलं इथे गप्प होतात, कारण ती वाचत नसतात, पाठ असलेलं म्हणून दाखवत असतात. दोन-दोन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण पोरं हुशार असतात ना. डिस्लेक्सिया म्हणजे वाचायला-लिहायला शिकताना येणारी अडचण, बुद्धीचा याच्याशी काही संबंध नाही हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवा, नाहीतर 'मोबाईल काढून घ्या, आपोआप वाचेल' सुरू होतं.

आता ट्यूशनचं. तिथे तोच धडा परत, चुकलेला शब्द दहा वेळा लिही, मूल शब्दाचं चित्र काढल्यासारखं उतरवून काढतं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. आम्ही धडा बाजूलाच ठेवतो. सुरुवातीला कितीतरी दिवस नुसतं कानाचं काम. 'कमळ'मधला क काढला तर काय उरलं? मळ. 'सकाळ'मधला स काढ. काळ. तुम्हाला पोरखेळ वाटेल, पण आठ वर्षांच्या मुलाला हे जमत नसेल तर शब्द छोट्या छोट्या आवाजांचा बनलाय हेच त्याच्या कानाला सापडलेलं नसतं, मग अक्षरं कितीही गिरवा, ती चिकटणार कशाला? (डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्या, चष्म्याचा नंबर निघाला असंही होतं.)

मग अक्षरं. मराठी जशी बोलतो तशी लिहितो म्हणून सोपी असं सगळे म्हणतात, इंग्रजीपेक्षा सोपी आहेच, पण वाटते तेवढी नाही. 'किरण' सांगितलं तर माझ्याकडची मुलं हमखास 'करिण' लिहितात. का? कानाला आधी क ऐकू येतो मग इ, म्हणून तो आधी क काढतो, मग वेलांटी काढतो, मग र, आणि ती वेलांटी जाऊन बसते र ला. त्याचं लॉजिक बरोबर आहे हो, लिपीच उलटी चालते तिथे! आणि वाच म्हटलं की स्वतःच लिहिलेलं 'करिण' तो 'किरण' असंच वाचतो, म्हणून चूक सापडतही नाही. रफाराचं तेच, 'सूर्य' मधला र ऐकू येतो य च्या आधी आणि बसतो य च्या डोक्यावर. शिवाय घ-ध, भ-म, थ-य आहेतच.

यासाठी एका वेळी एकच मात्रा घेतो, तीही वेगळ्या रंगाच्या कार्डावर. ताटात रवा पसरून तोंडाने आवाज काढत बोटाने अक्षर काढायचं, टेबलावर टकटक करत शब्द तोडायचा, परत जोडायचा. आणि 'मटुप', 'गेलक' असले बिनअर्थाचे शब्द वाचायला द्यायचे, कारण तिथे अंदाजपंचे चालत नाही, मुलं हसतात पण खरं वाचन तिथेच कळतं. मूळ पद्धत अमेरिकेतली, 1930 च्या दशकात ऑर्टन नावाचे न्यूरॉलॉजिस्ट आणि गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिका यांनी इंग्रजीसाठी बसवलेली, आपण ती बाराखडीला लावतो.

किती दिवस लागतील हे सगळेच विचारतात. आठवड्यातून दोन-तीनदा बसलं तरी महिने जातात, काहींना वर्षं. डिस्लेक्सिया 'जात' नाही, वाचन येतं, वेग थोडा कमीच राहतो. म्हणून सर्टिफिकेट काढून ठेवा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे धरलंय आणि दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. सरकारी नियमांप्रमाणे 8 वर्षांच्या आधी ते देत नाहीत, मोठा झाल्यावर परत तपासणी होते. सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत तुमच्या एक-दोन सुट्ट्या जातील, तयारी ठेवा. तपासणी मराठीतच करा असा आग्रह धरा, मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने बनवलेली डाली नावाची टेस्ट मराठीत आहे. मुंबईकडे असाल तर महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996 पासून काम करतेय, तिथे चौकशी करा.

थेरपिस्टकडे आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेचं, रजिस्ट्रेशन आहे का विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम वगैरेंवर पैसे घालवू नका, याने डिस्लेक्सिया बरा होतो याला पुरावा नाही असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच एकत्र सांगितलंय. तीन महिन्यांत गॅरंटी देणारा भेटला तर चहा पिऊन घरी या.

तोवर घरी शुद्धलेखनाची पानं बंद, त्याऐवजी रात्री तुम्ही गोष्ट वाचून दाखवा, नवीन शब्द तरी कानावर पडत राहतील. आणि वर्गशिक्षिकेला सांगा की सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, धड्यावरचे प्रश्न तोंडी विचारा.