पोटात किती, बाहीवर किती?

प्रश्न : माझा मुलगा सव्वा वर्षाचा, वजन 9 किलो. ताप आला की पॅरासिटामॉलचं सिरप देताना घरात नुसता धिंगाणा. दात मिटून घेतो, नाहीतर फुर्रकन माझ्या बाहीवर थुंकतो. सासूबाई त्याला मांडीवर आडवा घेऊन नाक दाबतात आणि बोंडल्याने ओततात. परवा सगळं उलटलं, पुन्हा द्यावं की नाही तेच कळेना. दुधाच्या बाटलीत मिसळलं तर चालेल का?
– एक आई, सातारा

उत्तर : सासूबाईंवर रागावू नका. मलाही आजीने असंच पाजलंय, ते चांदीचं बोंडलं अजून आमच्या कपाटात आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं हे खरंच, पण ते उघडतं श्वास घ्यायला. नेमकं तेव्हाच औषध ओतलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती. त्यात बाळ आडवं आणि रडतंय, मग तर ठसका ठरलेलाच.

मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज आणा. सुई तिथेच काढून घ्यायला सांगा आणि टोपण घरी येताच फेकून द्या, कारण ते घशात अडकतं. बाळाला मांडीवर टेकून बसवा. हात आवरत नसतील तर दोन मिनिटांपुरता पंचा गुंडाळा. सिरिंजचं टोक जिभेवर नको, गाल आणि हिरडी यांच्या फटीत सरकवा. अर्धा मिली सोडा, थांबा, गिळल्याचं दिसलं की पुढचा अर्धा. घाई करणाऱ्याच्या बाहीवर डाग पडतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव!

दुधाच्या बाटलीत नको. त्याने निम्मं दूध सोडलं तर औषध किती गेलं हे कोण सांगणार? वर चव बदलली म्हणून दुधालाच नाही म्हणायला लागला, तर दुसरी डोकेदुखी.

उलटीचं म्हणाल, तर पॅरासिटामॉल दिल्यावर पंधरा मिनिटांच्या आत सगळं बाहेर आलं तर पुन्हा द्या. अर्धा तास उलटून गेला असेल तर देऊ नका. मधल्या वेळेत झाली तर डॉक्टरांना फोन करा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला जास्त काळजीचं. तुम्ही मापता कशाने? एकदा दवाखान्यात आयांना घरचे चमचे आणायला सांगितले आणि सिरिंजने पाणी घालून मोजले. चहाच्या एका चमच्यात जेमतेम 3 मिली मावलं, पोह्यांच्या चमच्यात 8. दोघीही घरी ‘एक चमचा’च देत होत्या.

बाटल्यांचा घोळ तर याहून मोठा. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये सहसा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये 5 मिलीत 120, आणि दुसऱ्या सिरपमध्ये 5 मिलीत 250. म्हणजे सगळ्यांत छोटी बाटली सगळ्यांत जहाल. माझ्याकडच्या एका बाळाच्या वडिलांनी सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स आणले आणि नेहमीसारखा चमचा भरून पाजला. 8 किलोच्या बाळाला एका दमात 500 मिलिग्रॅम! एकदाच दिलं होतं म्हणून निभावलं. तेच दिवसातून चार वेळा झालं असतं तर लिव्हरवर आलं असतं.

डोस वजनावर ठरतो, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. तुमच्या मुलाला एका वेळी 90 ते 135. म्हणजे 120 वालं सिरप 5 मिली, पण तेच ड्रॉप्स फक्त 1 मिली. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर हवं, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. झोपलेल्याला औषधासाठी उठवू नका. सर्दीच्या काही मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ते लेबलवर बघा. खरं तर दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप मनाने देऊच नका. (तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी डोस मोजत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.)

आणि एक. डोस दिला की वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, पेन तिथेच दोरीला बांधून ठेवा. दुपारी सासूबाईंनी दिलेलं तुम्हाला माहीत नसतं, आणि संध्याकाळी तुम्ही दिलेलं त्यांना.