‘विक्रांत’वरचा लेख आणि समीक्षकाचे आक्षेप

प्रश्न : माझे वडील १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर होते. त्यांच्या रोजनिशीच्या आधारे मी विकिपीडियावरील या नौकेचा लेख वाढवला आणि समीक्षेसाठी ठेवला. समीक्षकाने रोजनिशीतील मजकूर काढायला सांगितला, ‘गाझी’ या पाणबुडीबाबत पाकिस्तानची बाजूही मांडायला सांगितली आणि नौकेच्या वजनाचा आकडा संदिग्ध ठरवला. हा आपल्या नौदलाचा अवमान नव्हे काय? मी लेखातून माझा मजकूर मागे घ्यावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मागे घेऊ नये. या समीक्षेत लेख उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरत नाही. तो पुढच्या कसोट्यांना उतरावा म्हणून दुसरा जाणकार त्यातील कच्चे दुवे दाखवतो, एवढाच तिचा हेतू असतो.

वजनाचा प्रश्न चटकन सुटेल. सुमारे १६,००० टन हे मानक, म्हणजे इंधन न धरता मोजलेले वजन आणि सुमारे १९,५०० टन हे इंधनासह पूर्ण भाराचे. आपण कोणते देत आहोत, ते लिहावे.

‘गाझी’बाबत मात्र मी समीक्षकाच्या बाजूने आहे. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री ती विशाखापट्टणमजवळ बुडाली, याबद्दल वाद नाही. ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या पाणबुडीविरोधी स्फोटकांमुळे ती बुडाली, ही भारतीय नौदलाची भूमिका. आतील स्फोटाने किंवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगांमुळे बुडाली, हे पाकिस्तानचे म्हणणे. कोण काय म्हणते हे नाव घेऊन सांगितल्याने नौदलाचा मान उणावत नाही. ‘गाझी’ ज्या ‘विक्रांत’च्या शोधात आली होती, तिच्यावरील सी हॉक आणि आलिझे विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, ही गोष्ट तशीच ठळक राहते.

समीक्षकाच्या नजरेतून एक उणीव सुटलेली दिसते. युद्धापूर्वीच नौकेच्या बॉयलरना तडे गेले होते आणि तिचा वेग मर्यादित ठेवावा लागला होता. विमानाला उड्डाणासाठी समोरून वारा लागतो आणि त्यातला मोठा वाटा नौकेच्या वेगातून मिळतो. म्हणून हे तडे केवळ यंत्रशाळेची बाब नव्हती. अशा अवस्थेतील नौका पूर्व आघाडीवर पाठवण्याचा निर्णय किती जोखमीचा होता, हे आपण पाठवलेल्या मसुद्यात एका ओळीतही नाही. बेलफास्ट येथे ४ मार्च १९६१ रोजी झालेल्या नौदल-प्रवेशाच्या सोहळ्याला आपण तीन परिच्छेद दिले आहेत. त्यातला एक या विषयाला द्यावा.

राहिली रोजनिशी. ती अप्रकाशित असल्याने इतर कोणाला पडताळता येत नाही, म्हणून विश्वकोशाला आधार म्हणून चालत नाही. वडिलांच्या शब्दांवर अविश्वास दाखवण्याचा यात प्रश्नच नाही. त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने खासगीरीत्या छायाचित्रे काढली असतील आणि त्यांचे हक्क वारशाने आपल्याकडे आले असतील, तर ती मुक्त परवान्याखाली (म्हणजे कोणालाही वापरण्याची मुभा देऊन) विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाशी जोडलेल्या चित्रसंग्रहाला देता येतील. रोजनिशीच्या प्रतीबद्दल गोव्यातील नौदल विमानन संग्रहालयाकडे विचारणा करून पाहावी. आणि लेखासाठीही ती निरुपयोगी नाही : तिच्यातील तारखा हाताशी धरून त्या काळची वृत्तपत्रे आणि नौदलाचे प्रकाशित इतिहास चाळा, वडिलांनी नोंदवलेली घटना तिथे छापलेली सापडली, तर तो संदर्भ देऊन काढलेला मजकूर पुन्हा घालता येईल.