बीजभाषण : ऐकताना आणि देताना

प्रश्न : मी चाकणच्या एका वाहन-सुटेभागांच्या कारखान्यात गृहपत्रिकेचे आणि अंतर्गत संपर्काचे काम पाहतो. व्यवसाय-संवादकांच्या तीन दिवसांच्या परिषदेला कंपनी मला प्रथमच पाठवत आहे. कार्यक्रमपत्रिकेत रोज सकाळी एक ‘कीनोट’ सत्र आहे. ही भाषणे नंतर यूट्यूबवर पाहता येतात, त्यामुळे तेवढा वेळ ओळखीपाळखी वाढवण्यात घालवावा, असे माझे वरिष्ठ म्हणतात. या सत्रांतून नेमके काय मिळते? परतल्यावर अहवालही द्यायचा आहे.
— एक वाचक, चाकण

उत्तर : ओळखी वाढवा, हा सल्ला रास्त आहे, पण त्यासाठी सकाळचे सत्र सोडू नये, असे मला मनापासून वाटते. ‘कीनोट’ हा शब्द पाश्चात्त्य संगीतातून आला आहे. ज्या स्वराला धरून सगळी रचना उभी राहते, तो आधारस्वर म्हणजे कीनोट. आपल्याकडे तानपुऱ्यावर षड्ज लागतो तेव्हा मैफल सुरू झालेली नसते, पण पुढचा प्रत्येक स्वर त्याच्याशी ताडूनच ऐकला जातो. मराठीत आपण बीजभाषण म्हणतो, त्यातही हाच अर्थ आहे : या भाषणात जे पेरले जाते, ते पुढच्या दालनांतल्या चर्चांमध्ये उगवते की नाही, हे पाहायचे असते. ध्वनिचित्रफितीत भाषण मिळते, पण त्याच दुपारी कोणी त्याला हरकत घेतली, कोणी त्यातला मुद्दा स्वतःच्या कामाला लावून पाहिला, हे मिळत नाही. सगळे प्रतिनिधी एकाच सभागृहात असण्याची वेळ परिषदेत क्वचितच येते. ती वेळ म्हणजे हे सत्र. आणि ओळख करून घ्यायला ‘सकाळी ते जे म्हणाले, ते तुम्हाला पटले का?’ याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

आपण गृहपत्रिका पाहता, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. व्यवसाय-संवादकांची आयएबीसी ही आंतरराष्ट्रीय संघटना १९७० साली दोन संस्था एकत्र येऊन स्थापन झाली आणि त्या दोन्ही औद्योगिक संपादकांच्या, म्हणजे आपल्यासारख्याच गृहपत्रिका काढणाऱ्यांच्या होत्या. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ साली स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत या व्यवसायाने आचारसंहिता स्वीकारली आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन पाळला जातो. आपण काय करतो आणि काय करणार नाही, हे व्यवसायाने एकत्र बसून ठरवण्याची जागा म्हणजे परिषद. तिथे आपण पाहुणे म्हणून जात नाही.

आता ऐकायचे कसे, ते पाहू. व्यवसाय-संवादाच्या परिषदेत जॉन्सन अँड जॉन्सनच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचे उदाहरण कधी ना कधी येतेच : १९८२ साली शिकागो परिसरात त्याच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले, ७ जणांचा मृत्यू झाला आणि कंपनीने अमेरिकेभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. हे प्रत्येकाला पाठ आहे. वक्ता त्यात स्वतःची काय भर घालतो, तिकडे कान ठेवा. या कंपनीचे कर्तव्यपत्र १९४३ सालचे, आणि त्यात औषध वापरणाऱ्यांविषयीची जबाबदारी सर्वांत आधी व भागधारकांविषयीची शेवटी लिहिलेली होती. संकटाच्या दिवशी काय बोलावे याचा क्रम ३९ वर्षे आधीच ठरलेला होता, हे जो वक्ता समजावून सांगेल आणि मग ‘तुमच्या कंपनीत हा क्रम कुठे लिहिला आहे?’ असे विचारील, त्याचे प्रत्येक वाक्य टिपून घ्यावे. जो फक्त बाटल्यांचा आकडा सांगून टाळ्या घेईल, त्याच्या भाषणात वही मिटली तरी चालेल.

मला आजवर ऐकलेल्या बीजभाषणांपैकी एक अगदी चित्रासारखे आठवते. विषय कामगारांच्या विश्वासाचा होता. वक्त्याने पडद्यावर एका कारखान्याच्या सूचनाफलकाचे छायाचित्र लावले. उपाहारगृहाचे दर वाढल्याची सूचना होती. वर जावक क्रमांक, त्याखाली संदर्भ, त्याखाली आणखी एक संदर्भ, मग ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’, आणि नवा दर अगदी तळाशी, जिथे टाचणीने कागदाचा कोपरा दुमडला होता. त्यांनी ती सूचना रात्रपाळी संपवून सकाळी सात वाजता बाहेर पडणाऱ्या माणसाच्या गतीने, ओळीवर बोट ठेवत मोठ्याने वाचली. दराच्या ओळीपर्यंत पोहोचायला जवळपास एक मिनिट लागले. मग ते म्हणाले, ‘बस तोवर निघून गेली असते.’ त्या दिवसापासून मी लिहिलेल्या कोणत्याही सूचनेत मुख्य गोष्ट पहिल्या ओळीच्या खाली गेलेली नाही.

प्रायोजक कंपनीच्या अधिकाऱ्याला मिळालेले सत्र कोणते, हे कार्यक्रमपत्रिकेवरून बहुधा कळते. तिथेही शिकण्यासारखे असू शकते, पण ते उत्पादनाची ओळख करून देत आहेत हे ध्यानात ठेवून ऐकावे.

अहवालाबद्दल माझा आग्रह असा की भाषणांचा सारांश देऊ नका. तो कोणी वाचत नाही. एकच पान लिहा : सकाळी कोणता विचार मांडला गेला, दुपारच्या चर्चेत त्याचे काय झाले, आणि गृहपत्रिकेच्या पुढच्या अंकात त्यामुळे कोणता एक बदल करणार आहात. तो बदल केलेला अंक त्या पानाला जोडून दिलात, तर पुढच्या वर्षी परवानगी मागताना फार बोलावे लागणार नाही.

प्रश्न : एका सहकारी बँकेच्या जनसंपर्क विभागातून मी नुकतीच निवृत्त झाले आहे. आमच्या भागातल्या संवाद-व्यावसायिकांच्या परिषदेत ४० मिनिटांचे बीजभाषण देण्याचे निमंत्रण आले आहे. तीस वर्षांचा अनुभव ४० मिनिटांत कसा बसवावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तो बसवायला जाऊच नये, ताई. तीस वर्षांतून एक मत निवडा, जे आपण अनुभवाने कमावले आहे आणि जे समोरच्यांपैकी निदान काहींना पटणार नाही. मग एकच प्रसंग घेऊन तो शेवटपर्यंत उलगडा.

आपल्याच राज्यातला एक प्रसंग घेऊन दाखवतो. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई सुरू केली. कंपनीने आधी दुकानांतल्या साठवणुकीकडे बोट दाखवले. मग वेष्टन नीट बंद का नव्हते, असा उलट प्रश्न आला. दोष कोणाचा यावर हा वाद चालला असताना, हे पोराच्या हातात द्यावे की नाही, एवढेच आईबापांना विचारायचे होते. त्याचे उत्तर दुकानदारांपर्यंत पोहोचणाऱ्या ‘प्रोजेक्ट विश्वास’ या मोहिमेतून आणि २००४ च्या सुरुवातीला आलेल्या नव्या, घट्ट बंद वेष्टनातून मिळाले. अमिताभ बच्चन यांची जाहिरात त्यानंतरची. लोकांचा प्रश्न कोणता आणि आपण उत्तर कोणत्या प्रश्नाचे देत आहोत, या एका मुद्द्यावर पूर्ण ४० मिनिटे बोलता येतात. आपल्या बँकेतला असा प्रसंग आपल्याला नक्की आठवेल. ठेवीदारांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील मात्र गाळावेत.

वेळेविषयी मी थोडे कठोरपणे लिहितो. एका परिषदेत बीजभाषण २५ मिनिटे लांबले आणि त्याची भरपाई पुढच्या सत्रातून झाली. त्या सत्रात एका तरुण मुलीला, जिने जिल्हा रुग्णालयातल्या फलकांवर वर्षभर काम केले होते, सात मिनिटे मिळाली. तिने अर्धे कागद तसेच घडी घालून पर्समध्ये ठेवले. व्यासपीठावरच्या ज्येष्ठांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. आपण ४० मिनिटांसाठी ३० मिनिटांचे भाषण तयार करावे. उरलेली दहा मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांची.

प्रश्न : अशा परिषदेत बीजभाषण मराठीत दिले तर ते कमी दर्जाचे वाटेल का? या विषयातले निम्मे शब्द इंग्रजीच आहेत.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : श्रोते मराठी असतील तर अवश्य मराठीतच द्यावे. इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द शोधत बसू नका. ब्रँड, मीडिया, फीडबॅक हे शब्द आता घरातले आहेत. पण ‘स्टेकहोल्डर’सारखा शब्द आला की थांबावे आणि नेमके कोण, ते सांगून टाकावे. साखर कारखान्याविषयी बोलत असाल, तर ऊस घालणारे सभासद, तोडणीला आलेली मजूर कुटुंबे, कर्ज देणारी बँक आणि मळीच्या वासाची तक्रार करणारे शेजारचे गाव, अशी माणसे एकेक करून समोर येतात, आणि या चौघांना एकच पत्रक पाठवून भागणार नाही हे सभागृहाला आपोआप कळते.