आदल्या रात्रीचा भात आणि परत आलेले ताट

प्रश्न : बेघर लोकांना सकाळचा नाश्ता करून वाढणाऱ्या एका स्वयंसेवी गटात मी दोन महिन्यांपूर्वी जाऊ लागले. साधारण साठ माणसे येतात. पहाटेची धावपळ वाचावी म्हणून भात आदल्या रात्रीच शिजवून झाकून ठेवावा आणि सकाळी गरम करावा, असे मी सुचवले, तर जुन्या सहकाऱ्यांनी ते साफ नाकारले. त्यातच गेल्या आठवड्यात एका वयस्कर गृहस्थांनी मी वाढलेले ताट तसेच परत केले, याचे मला फार वाईट वाटले. माझे चुकते कुठे?

उत्तर : भाताच्या बाबतीत तुमच्या सहकाऱ्यांचेच बरोबर आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट, सुप्त रूपे, अनेकदा असतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातला भात झाकून ओट्यावर ठेवला, की त्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. त्या ऊबेत बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे सकाळी भाताला कितीही वाफ आणली तरी ते जात नाही. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन तासांपेक्षा अधिक काळ राहू द्यायचे नाही, हा नियम त्यासाठीच आहे. घरी चौघांचा भात लवकर निवतो, म्हणून हा धोका आपल्या लक्षात येत नाही. उथळ ताटांत पातळ पसरून, झटपट निववून, लगेच फ्रीजमध्ये ठेवणे हा मार्ग आहे खरा. पण साठ माणसांचा भात मावेल एवढा फ्रीज किती गटांकडे असतो? मी तरी पहाटे उठणेच पसंत करेन. भाज्या धुऊन ठेवणे, कोरडे जिन्नस मोजणे, भांडी मांडणे ही कामे मात्र रात्री खुशाल उरकावीत. पाण्याचे प्रमाण माणसांच्या हिशेबाने सरळ गुणू नये, कारण मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते आणि भाताचा गिचका होतो.

आपल्यापैकी कोणाचे पोट बिघडले, तर घरात अंथरूण असते आणि चार पावलांवर संडास असतो. उघड्यावर राहणाऱ्या माणसाला तेच दुखणे कुठे काढायचे, हाच प्रश्न पडतो. म्हणून ज्याला उलट्या-जुलाब झाले असतील, त्याने ते पूर्ण थांबल्यावरही ४८ तास या स्वयंपाकघराकडे फिरकू नये, मग त्या दिवशी हात कितीही कमी पडोत. हात साबणाने निदान वीस सेकंद धुवावेत. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही.

आता त्या ताटाविषयी. मी अशा कामाला पहिल्यांदा गेले, तेव्हा एका बाईंच्या ताटात मोठ्या आग्रहाने टणक पाव ठेवला होता. त्यांनी तो चहात बुडवून, अगदी चिमटीएवढा तुकडा तोडत, बराच वेळ खाल्ला. त्यांच्या तोंडात पुढचे दातच नव्हते, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा ताट रिकामे होत आले होते. तुमच्या गृहस्थांचे दात दुखत असतील, त्यांना मधुमेह असेल, एखादा जिन्नस सोसत नसेल किंवा धर्माने चालत नसेल. किंवा यांपैकी काहीच नसेल आणि त्यांना ते नुसते नको असेल. पाहुण्याने एखादा पदार्थ नको म्हटला, तर आपण त्याच्याकडे कारण मागत नाही. दिवसभर ‘इथून उठा’, ‘तिकडे बसा’ एवढेच ऐकणाऱ्या माणसाला सकाळी ‘काय वाढू?’ असे कोणी विचारले, तर मला ती गोष्ट नाश्त्याइतकीच मोलाची वाटते. तेव्हा भरलेले ताट हातात देण्याऐवजी पदार्थ समोर मांडून, एकेक विचारून वाढावे. रांग थोडी हळू सरकेल, तर सरकू द्यावी. मात्र नाश्त्याची ठरलेली वेळ चुकवू नये, कारण काही जण लांबून चालत येतात. थंडीत गारठलेल्या बोटांना पातळ कागदी पेला धरवत नाही, म्हणून कानाचे कप ठेवावेत.

पुढच्या खेपेला ते गृहस्थ आले, तर ताट भरण्याआधी त्यांना विचारा. आणि त्यांनी नुसता चहा मागितला, तर नुसता चहा द्या.